आठ आण्यांचं पिवळं

"खट्टे गेलेलास रे इतकी वर्षं?"
असं गुरुशिद्दप्पा कामकर म्हणाले नाहीत.
त्यांनी मला ओळखलंच नाही.

वडगावातली एक खोली,
खिडकीतून येणारी मागांची खटखट,
आणि मी पिशवीतून काढलेला फोटो:
आबा, आई, मालन, मी.
मागं पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस,
आणि शहापुरात कुणीच कधी न चढलेला
संगमरवरी जिना.

आईचं लुगडं हिरवं.
पोपटी नव्हे, गर्द नव्हे,
भाताचा तरवा दुरून दिसतो तसं.

या हिरव्यावर मी पन्नास वर्षं काढली.
इचलकरंजीच्या भाड्याच्या खोलीत
पोरांना सांगत राहिलो:
तुमची आजी हिरवं इरकल नेसायची.
शेजारची नीलव्वा दारातून विचारायची, "ऊटा आतेन?"
आई म्हणायची, "झालं की."
कुणाची भाषा कुठली,
याचा हिशेब तेव्हा कुणी ठेवत नव्हतं.

(मालन म्हणते, ठेवत होते.
नळावर घागरी आपटून भांडायच्या दोघी.
दोन्ही भाषांत.)

आई गेल्यावर ट्रंक उघडली.
हिरवं लुगडं नव्हतं.

कामकरांनी फोटो डोळ्यांशी नेला,
मग नाकाशी.
"माझाच हात. त्या साली तांबडं संपलेलं बघा.
लग्नसराईत सगळं नवऱ्यांच्या शालूंना गेलं.
नवी बाटली येईना.
हिरवं तेवढं होतं.
आखाडापर्यंत आमच्या स्टुडिओतल्या
सगळ्या बायका हिरव्या."

"आणि कुणी काही म्हणालं नाही?"

"म्हणतात कशाला?
न्यायला यायच्या, उजेडात धरायच्या,
आणि म्हणायच्या, हेच की!"

नख आबांच्या गालावर टेकलं.
"इथं गुलाबी मी दिलंय. गाल आत गेलेले होते."
मग आईच्या मनगटावर थांबलं.
"हे पिवळं मात्र बाईंनी सांगून करून घेतलं.
हातात काचेच्या होत्या.
म्हणाल्या, सोन्याच्या करा.
म्हटलं, वर आठ आणे पडतील.
पदराची गाठ सोडून दिले."

नव्वदीला टेकलेल्या माणसाला
एका बाईचे आठ आणे आठवतात?
की माझं तोंड बघून
त्यांनी पुन्हा एकदा ब्रश बुडवला?
मी विचारलं नाही.

"काढायचंय काय?" ते म्हणाले.
"स्पिरिटचा बोळा फिरवला की जातंय.
खाली असंल तसं असतंय."

कापूस टेबलावरच होता.

मी फोटो टॉवेलात गुंडाळला,
टॉवेल पिशवीत, पिशवी छातीशी.
स्टँडवर निपाणी गाडी लागलेली.
मालनला फोन केला:
हिरवं नव्हतं म्हणे.
"हिरवं कोण म्हणालं?
जांभळं होतं. मी नाक पुसलेलं त्याला,
फोटोवाल्यानं 'हला नको' म्हणायच्या आधी."
आणि तिकडून
ती बराच वेळ काही बोलली नाही.

एक सांगायचं राहिलं.
वर मी मागांची खटखट लिहिलीय.
त्या दुपारी वीज गेलेली होती,
सगळी गल्ली चिडीचूप,
कामकरांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

ती ओळ खोडायला घेतली होती.
पण खटखट थांबली
की आई येत नाही.
ती त्या आवाजातूनच येते दारात,
ओले हात पदराला पुसत,
पदराचा रंग मला आता सांगता येत नाही,
पण हातांत बांगड्या असतात,
सोन्याच्या,
आणि काचेच्या वाजाव्यात
तशा वाजतात.